‘तेर’ हे नाव आले कोठून?

१/ तेरणेकाठच्या तेरचे नाव ऐकताच कुणाला संस्कृत ‘तीर’ आठवते, तर कुणाला कन्नड ‘तेरु’, म्हणजे रथ. दोघांची चूक एकच: आजचा उच्चार हाच मूळ उच्चार, असे दोघेही गृहीत धरतात.

२/ पुरावा निराळे सांगतो. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे मोठे नगर आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोचला जाई. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले.

३/ ‘तगर’चे ‘तेर’ कसे झाले? प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. नगर, नयर, नेर: संगमनेर, अमळनेर पाहा. तसेच तगर, तयर, तेर.

४/ वाद घालायचाच तर ‘तगर’वर घाला. संस्कृतात तगर ही सुगंधी वनस्पती. कन्नडमध्ये ‘तगरु’ म्हणजे मेंढा. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ कन्नड प्रदेश गोदावरीपर्यंत सांगतो, आणि तेर गोदावरीच्या दक्षिणेस आहे. तेव्हा कन्नडची शक्यता केवळ अभिमानापोटी झिडकारणे हा इतिहास नव्हे. केवळ उच्चारसाम्यावरून ती स्वीकारणे हाही नव्हे.

५/ नद्यांची आणि गावांची नावे हे आपले जुने दस्तऐवज आहेत. त्यांत सोयीचा अर्थ घुसडणे म्हणजे ताम्रपटावर खाडाखोड करणे होय.