हिरव्या पट्ट्यातील खुंटलेले मूल

सहाव्या महिन्यात ज्या मुलग्याचे वजन ७.९ किलो भरले, म्हणजेच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांप्रमाणे जो बरोबर मध्यरेषेवर होता, त्याच्या वजनात पुढे सहा महिने एका ग्रॅमचीही भर पडली नाही, तरी पहिल्या वाढदिवशी तो वृद्धी-आलेखाच्या हिरव्या पट्ट्यातच आढळेल. कारण त्या वयाच्या मुलग्यासाठी कमी वजनाची सीमा ७.७ किलो आहे. त्याच्या उंचीची वाढही त्याच सुमारास मंदावली असेल, तर उंचीच्या मानाने वजन पाहणारा तक्ताही त्याला निर्दोष ठरवील, अंगणवाडीच्या दफ्तरी त्याची नोंद ‘साधारण’ अशी होईल, आणि तालुक्याकडे जाणाऱ्या मासिक अहवालात त्याच्या हानीचा मागमूसही उरणार नाही. मूल कोणत्या पट्ट्यात आहे एवढेच विचारणाऱ्या पद्धतीचा हा मूलभूत दोष आहे, आणि तो दूर झालाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियाच्या खेड्यात काम करताना हा आलेख प्रचारात आणला, तेव्हा त्यांनी तो दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या स्वाधीन केला, कारण रेषा वर चढते आहे की आडवी पडली आहे हे तिला पाहता यावे, आणि मूल आजारी पडण्यापूर्वीच मसलत व्हावी, हा त्यांचा हेतू होता. आईबाप ठेंगणे असतील तर मूलही लहानखुरे असू शकते, आणि त्याची रेषा मध्यरेषेच्या खाली पण तिला समांतर चढत असेल, तर चिंतेचे प्रयोजन नाही. चिंता करावी ती आडव्या रेषेची.

आणि ही रेषा बहुधा आडवी होते ती सहा महिन्यांनंतर, जेव्हा केवळ आईचे दूध पुरत नाही, मूल रांगू लागून हाती लागेल ते तोंडात घालते, जुलाब-तापाचे फेरे सुरू होतात, आणि वरचा आहार म्हणून पुष्कळ घरांत डाळीचे नुसते पाणी किंवा पातळ पेज दिली जाते, जिने इवलेसे पोट भरते पण शक्ती मिळत नाही. घट्ट मऊ खिचडी, तिच्यात चमचाभर तेल किंवा तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले अंडे हे दिवसातून तीन-चार वेळा भरवायला घरात माणूस लागते. आणि बीडकडून ऊसतोडीला गेलेली आई पहाटेपासून फडात असते, मूल कोपीपाशी थोरल्या बहिणीच्या कडेवर असते, व त्याच्या वजनांची नोंद गावच्या अंगणवाडीत थांबलेली असते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि तिच्या सेविकांनी घेतलेल्या कष्टांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६ टक्के मुले कमी वजनाची होती, आणि २०१९-२१ मध्ये तो आकडा ३६.१ टक्के निघाला. वजने घेतली गेली, नोंदी झाल्या, पण आकडा तसूभर हलला नाही.

म्हणून मासिक अहवालात एक नवा रकाना असावा: लागोपाठ दोन महिने ज्यांचे वजन वाढले नाही अशी बालके, मग त्यांचा पट्टा कोणताही असो. मागील वजने अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये दाखल असतातच, तेव्हा ही वजाबाकी यंत्राने करावी व सेविकेवर नव्या कारकुनीचा भार टाकू नये. तिचा वाचलेला वेळ त्या घरी जाऊन, मूल काय खाते, कोण भरवते, गेल्या पंधरवड्यात आजारी होते काय, हे आईला शांतपणे विचारण्यात जावा. पर्यवेक्षिकेने भेटीच्या वेळी प्रथम याच रकान्याची विचारपूस करावी, आणि साखर कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीने ऊसतोड कुटुंबातील मुलाचे वृद्धी-आलेखाचे कार्ड परगावचे म्हणून परत न करता त्याच कार्डावर पुढचे वजन नोंदवावे, असा स्पष्ट हुकूम यंदाच्या गळीत हंगामापूर्वी निघावा.