थेंबाचा हिशेब

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावरील घरांत एक अनुभव सारखाच येतो. हौसेने बसविलेली चकचकीत तोटी काही पावसाळ्यांतच निस्तेज होते, तिच्या बुडाशी हिरवट-पांढरा थर साचतो आणि एके रात्री न्हाणीघरातून टपटप आवाज येऊ लागतो. सकाळी कोणीतरी नळ अधिक जोराने आवळतो. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग तोटीखाली बादली ठेवली जाते आणि प्लंबर येईपर्यंत ती तेथेच राहते. मुले मुंबई-पुण्यास आणि घरी दोघे वृद्ध, अशा घरांत ही बादली कित्येक आठवडे हलत नाही.

या गळतीचा हिशेब मांडून पाहावा. सेकंदाला एक थेंब या गतीने गळणारा नळ दिवसाकाठी सुमारे 20 लिटर पाणी वाया घालवितो. महिन्याला 600 लिटर. म्हणजे 500 लिटरची गच्चीवरील टाकी पूर्ण भरून सांडण्याइतके! याच रायगड जिल्ह्यात पेण आणि अलिबागच्या खारेपाटातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. जे पाणी आपल्या घरांत गाळून आणि जपून वापरण्याचा संस्कार आहे, तेच रात्रभर मोरीत वाहू द्यावे, ही विसंगती मनास टोचल्याशिवाय राहत नाही.

किनाऱ्यावर हे अधिक का घडते, याचे कारण खाऱ्या हवेत आणि मचूळ पाण्यात आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. क्षारयुक्त पाण्यात त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरते ते ठिसूळ, सच्छिद्र तांबे. वरून धड दिसणारी तोटी पान्हा लावताच तुटते, ती यामुळे. जुने लोखंडी नळ आतून गंजतात. स्टीलची जाळी गुंडाळलेले लवचीक कनेक्शन पाईपही समुद्राजवळ लवकर कुजतात आणि एखाद्या दिवशी अचानक फुटतात. म्हणून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असेल, तेथे पीटीएमटी या टणक प्लास्टिकच्या तोट्या दिसावयास साध्या असल्या, तरी अधिक टिकतात.

दुरुस्तीचा पहिला धडा मात्र तोटीचा नव्हे, मुख्य कॉकचा आहे. टाकीतून न्हाणीघराकडे येणारे पाणी कोठे बंद होते, हे घरातील प्रत्येकास ठाऊक हवे. तो कॉक महिन्यातून एकदा उघड-बंद करावा. अन्यथा ऐन प्रसंगी तो जाम झालेला आढळतो. मांडव्याची बोट पकडून चार दिवस मुंबईस जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तो बंद करण्याची सवय लावून घ्यावी. बंद घरात फुटलेला पाईप भिंतीचे आणि लाकडी सामानाचे जे नुकसान करतो, त्यापुढे नव्या तोटीची किंमत काहीच नाही.

साहित्यही थोडेच लागते: कमी-जास्त होणारा पान्हा, पेचकस, टेफ्लॉनची पांढरी फीत, अर्ध्या इंची वॉशर आणि जुने फडके.

साध्या पिळाच्या तोटीचा वॉशर बदलताना प्रथम मुख्य कॉक बंद करून तोटी उघडी ठेवावी, म्हणजे नळीतील पाणी निघून जाईल. मोरीच्या जाळीवर फडके पसरावे. खाली पडलेला स्क्रू तेथून परत मिळत नाही. तोटीवर कापड गुंडाळून पान्ह्याने वरचा भाग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सैल करावा. आतील झडपेच्या तळाशी झिजलेला वॉशर दिसेल. तो नमुना म्हणून दुकानात न्यावा आणि त्याच मापाचा नवा आणावा. ज्या कडेवर वॉशर टेकतो, ती बोटाने चाचपून पाहावी. ती खडबडीत झाली असल्यास नवा वॉशरही फार दिवस टिकणार नाही. तेथे तोटीच बदलणे शहाणपणाचे. नळ चालू असताना दांड्याभोवती पाणी झिरपत असेल, तर दोष वॉशरचा नसून वरच्या नटाचा असतो. तो किंचित आवळल्याने काम भागते. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या आधुनिक नळांत वॉशर नसतो, चिनी मातीच्या चकत्यांचे कार्ट्रिज असते. ते त्याच बनावटीचे आणून संपूर्ण बदलावे लागते.

नवी तोटी बसविताना तिच्या आट्यांवर टेफ्लॉनची फीत ताणून गुंडाळावी. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे घ्यावेत. उलट गुंडाळलेली फीत तोटी फिरविताच सुटून येते. पातळ फितीचे दहा-बारा वेढे पुरतात. तोटी शक्यतो हातानेच बसवावी आणि शेवटचा थोडा पीळ तेवढा पान्ह्याने द्यावा. अतिरेकी जोर लावल्यास भिंतीतील जोड तडकतो आणि दहा मिनिटांचे काम लाद्या फोडण्यापर्यंत जाते.

फ्लशच्या टाकीची गळती आवाज करीत नाही, म्हणून ती अधिक फसवी. झोपण्यापूर्वी टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा आणि फ्लश न करता वीस मिनिटांनी भांड्यात पाहावे. रंग उतरलेला दिसला, तर तळाचे रबरी सील बदलावयास झाले, असे समजावे. पाणी वरच्या नळीतून सतत सांडत असेल, तर फ्लोट थोडा खाली आणावा. जुन्या टाक्या एका वेळी 10 लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडतात. दोन बटणांच्या नव्या टाक्यांना सामान्यतः 3 किंवा 6 लिटर पुरतात. टाकी बदलण्याची वेळ आलीच, तर हा फरक ध्यानात ठेवावा.

शॉवरची धार बारीक झाली, की अनेक जण नवा शॉवर आणतात. बहुधा दोष छिद्रांत साचलेल्या क्षारांचा असतो. शॉवर काढून एक-दोन तास व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात बुडवावा आणि जुन्या दातघासणीने घासावा. न्हाणीघर स्वच्छ करण्याचे ॲसिड मात्र नळास लावू नये; त्याने मुलामाच निघून जातो.

आता कोठे थांबावे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भिंतीच्या आतील गळती, छतावर उमटणारी ओल आणि सांडपाण्याचे मुख्य नळ ही कुशल कारागिराची कामे आहेत. गिझरला तर वीज आणि दाब, दोन्ही असतात. त्याच्या सुरक्षा झडपेतून पाणी तापताना चार थेंब पडणे स्वाभाविक आहे. ते ‘गळते’ म्हणून झडपेस बूच मारणे प्राणावर बेतू शकते. गिझरजवळ पान्हा नेण्यापूर्वी विजेचा मुख्य स्विच बंद असलाच पाहिजे, आणि त्याची दुरुस्ती जाणकारानेच करावी. साठी ओलांडलेल्यांनी ओल्या लादीवर स्टूल ठेवून त्यावर चढू नये. वाचलेले दोनशे रुपये मोडलेल्या हाडापुढे फार महाग पडतात.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. छपरे उडाली, झाडे आणि विजेचे खांब कोसळले आणि श्रीवर्धन-मुरूडकडील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे टाकीतील पाणी हीच पुंजी. अशा वेळी कारागीर सर्वांनाच एकदम हवा असतो आणि कोणासच मिळत नाही. फुटलेल्या नळीचा कॉक तत्काळ बंद करणारे माणूस घरात असेल, तरच ती पुंजी शिल्लक राहते.

ते माणूस घरातील कर्ता पुरुषच असावे, असे मुळीच नाही. येत्या रविवारी आजोबांनी नातवंडांना आणि सुनेने सासूबाईंना सोबत घेऊन घरातील सर्व कॉक एकदा शोधावेत, प्रत्येकावर ‘न्हाणीघर’, ‘स्वयंपाकघर’, ‘गिझर’ अशी चिठ्ठी बांधावी आणि एक तरी वॉशर आपल्या हाताने बदलून पाहावा. बादली मग तोटीखालून उचलून पुन्हा आपल्या जागी ठेवता येईल.