सुवासाची पारख

सुगंध एकच असला, तरी तो कोणत्या वस्तूत वसवायचा यावर त्याचे घटक ठरतात. गृहोद्योग म्हणून साबण वा अगरबत्ती करणाऱ्या भगिनींना हे लवकर उमगते. साबण क्षारधर्मी असतो. त्यात लिंबाचा वास देणारे सिट्रल फार काळ तग धरीत नाही आणि व्हॅनिलिन घातले तर शुभ्र वडी हळूहळू तपकिरी पडते. अगरबत्तीत लिंबू-संत्र्याची हलकी तेले काडी वाळतानाच उडून जातात; तेथे चंदन, वाळा, ऊद अशी जड द्रव्येच हवीत. अंगाला लावावयाच्या तेलाचा विचार आणखी निराळा. साल दाबून काढलेले बर्गमोट तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते.

परंतु श्रावकाच्या घरी याही आधी विचारावयाचा प्रश्न असतो: हा सुवास कोणाच्या देहातून आला? वासक्षेपाच्या जुन्या कृतींत चंदन, केशर, बरास यांच्या जोडीला कस्तुरीचेही नाव आढळते. कस्तुरी ही नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालील ग्रंथीत असते. ती मिळविण्यासाठी लावलेल्या फासात नराबरोबर माद्या व पाडसेही मरतात. जवादीसाठी तर जवादी मांजराला पिंजऱ्यात कोंडून त्याची ग्रंथी वारंवार खरवडतात. ज्या पूजेत आपण पाण्यातील जीवही गाळून जपतो, तेथे अशा द्रव्याला स्थान असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही कस्तुरीमृगाच्या शिकारीस व कस्तुरीच्या व्यापारास बंदी आहे.

पर्याय नाही, असेही नाही. कस्तुरीला तिचा वास देणाऱ्या मस्कोनची रचना लिओपोल्ड रुझिका यांनी 1926 साली उलगडली आणि आज ते प्रयोगशाळेत तयार होते. देवमाशाच्या अंबरासारखा गंध क्लॅरी सेज या वनस्पतीपासून काढलेल्या द्रव्यातून मिळतो. ‘कृत्रिम’ म्हटले की नाक मुरडणारी मंडळी ‘अस्सल’ कस्तुरीच्या डबीविषयी मात्र काही विचारीत नाहीत, याचे नवल वाटते.

वेष्टनावरील ‘सुगंध’ या एका शब्दाआड अनेक घटक दडलेले असतात. म्हणून खरेदीपूर्वी उत्पादकास लेखी विचारावे: यात कस्तुरी, जवादी, अंबर वा अन्य प्राणिज द्रव्य आहे काय? असल्यास ते प्रयोगशाळेतील की प्राण्याचे? स्पष्ट उत्तर न आल्यास मंदिरासाठी सहाणेवर स्वतः उगाळलेले चंदन पुरेसे आहे.