आम्हांला गिरगावी मार्लो नको

मराठी रहस्यकथेचा विषय निघाला की एक हळहळ हमखास कानी येते : बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा धनंजय कुणीतरी दिमाखात पडद्यावर आणायला हवा. हळहळ प्रामाणिक असते, पण पुढच्याच वाक्यात तिचे खरे रूप कळते. पावसाळी रात्र, ट्रामचा खडखडाट, तिरकी टोपी, सिगारेटचा धूर आणि मागे सॅक्सोफोन! थोडक्यात, गिरगावात अवतरलेला फिलिप मार्लो. या कल्पनेला माझा विरोध आहे. कारण तिच्यात अर्नाळकरही हरवतात आणि मार्लोही.

मुळात ही दोन वेगळी कुळे आहेत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे कायद्याबाहेर राहून दुष्टांना शासन करणारे वीर. त्यांच्या जगात शेवटी हिशेब चुकता होतो. रेमंड चँडलरच्या 'द बिग स्लीप' (१९३९) मधला मार्लो मात्र दिवसाला पंचवीस डॉलर आणि वरखर्च यांवर राबणारा माणूस आहे. तेलाच्या पैशावर उभ्या असलेल्या हवेलीत त्याला बोलावले जाते, काम सांगितले जाते. त्याला सत्य सापडते, पण त्या सत्याने न्याय होतोच असे नाही. परळच्या भाषेत सांगायचे तर तो रोजंदारीवरचा माणूस आहे; बदली कामगाराचा दूरचा भाऊ. 'हार्ड-बॉइल्ड' या विशेषणाचा अर्थ टोपीत नाही, या रोजंदारीत आहे.

मार्लोच्या चित्रपटांचा इतिहासही हेच सांगतो. हॉवर्ड हॉक्सच्या 'द बिग स्लीप' (१९४६) मध्ये बोगार्टची टोपी शोभली, कारण ती त्या काळाची रोजची टोपी होती. त्या पटकथेच्या लेखकांत ली ब्रॅकेट होत्या. सत्तावीस वर्षांनी रॉबर्ट ऑल्टमनसाठी 'द लाँग गुडबाय' (१९७३) लिहिताना याच ब्रॅकेटनी मार्लोला सत्तरच्या दशकातल्या लॉस एंजेलिसमध्ये सोडले. तिथे त्याची निष्ठा हास्यास्पद ठरते आणि मित्राने केलेला विश्वासघात त्याला पिस्तुलापर्यंत नेतो. अनेक चाहते चिडले, पण मार्लो जिवंत राहिला. उलट रॉबर्ट मिचमला घेऊन १९७५ मध्ये जुना काळ हुबेहूब सजवला गेला, आणि १९७८ मध्ये त्याच मिचमला मार्लो म्हणून थेट इंग्लंडात नेले गेले. पहिल्यात स्मरणरंजन उरले, दुसऱ्यात नुसते नाव. ज्या शहराच्या पापातून तो गुप्तहेर जन्मला, ते शहर काढून घेतले की मागे फक्त पोशाख राहतो.

आपल्याकडे २०१५ मध्ये हाच पोशाख भरजरी होऊन आला. 'बॉम्बे व्हेल्वेट'साठी साठच्या दशकातली मुंबई श्रीलंकेत उभारली गेली. जी मुंबई परदेशात बांधावी लागते, तिच्यात गुन्हा कुणाच्या जमिनीवर घडणार?

दुसरी खोड गणवेशाची. मुंबईचा पडदा शोध घेणाऱ्या माणसाला चटकन पोलीस करून टाकतो. 'सी.आय.डी.' (१९५६) मधला देव आनंद इन्स्पेक्टर आहे. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून आलेल्या 'अर्धसत्य' (१९८३) मधला अनंत वेलणकर हा आपल्या पडद्यावरचा सर्वांत कडवट माणूस, पण त्याची शोकांतिका गणवेशाची शोकांतिका आहे. खाजगी गुप्तहेराच्या पाठीशी सरकार नसते आणि समोर कुणी सलाम ठोकत नाही. मालकाच्या दिवाणखान्यात आणि भाडेकरूच्या खोलीत एकाच दिवशी जाणारा, पण दोन्हींपैकी कुठलाच नसलेला माणूस हे त्याचे कथेतले काम.

असा माणूस आपल्याला कधी हवा होता? १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे केले : मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती आक्रसली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. मधल्या काळात, १९९४ मध्ये, गिरणीमालक सुनीत खटाव यांचा भर रस्त्यात खून झाला. १९९७ मध्ये दत्ता सामंतांचा. पोलान्स्कीच्या 'चायनाटाउन' (१९७४) मध्ये नवराबायकोच्या भानगडी शोधणारा गुप्तहेर चालत चालत पाण्याच्या आणि जमिनीच्या घोटाळ्यापाशी पोहोचतो. आपले 'चायनाटाउन' लालबाग-परळच्या सातबाऱ्यांत आणि नकाशांत पडून आहे, आणि आपण सॅक्सोफोन शोधत आहोत!

गिरणगाव पडद्यावर आलाच नाही असे नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर'वरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' केला. पण नाटकाची एका खोलीतली घुसमट चित्रपटात बंदुकीच्या आवाजाखाली दबते. गोळी कुणी झाडली हे दिसते. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, हा प्रश्न चिकाटीने विचारणारा भाडोत्री शोधक तिथे नाही.

यावर एक आक्षेप येईल : चाळीत एकटा माणूस असतोच कुठे? गॅलरीत पाऊल टाकले की वीस दारे उघडतात; तिथे गुप्तहेर काय करणार? आक्षेप खरा आहे आणि नेमकी तिथेच मराठी कथा आहे. मार्लोच्या शहरात कुणाला काही ठाऊक नसते, म्हणून तो वणवण हिंडतो. चाळीत सगळ्यांना सगळे ठाऊक असते. साक्ष द्यायला कुणी तयार नसते. 'खून कुणी केला?' यापेक्षा 'हे बोलणार कोण?' हा आपला प्रश्न आहे. त्यासाठी ना धुके लागते, ना अंधार. भरदुपारी, नळावरच्या गर्दीत तो विचारता येतो.

राहिला आवाज. मार्लोचे सत्त्व त्याच्या प्रथमपुरुषी निवेदनात आहे, आणि पडद्यावर हरवते तेही तेच. त्या तोडीचे कोरडे, भाबडेपणाला थारा न देणारे मराठी गद्य अर्नाळकरांकडे मागणे अन्यायाचे आहे. ते 'वासूनाका' (१९६५) लिहिणाऱ्या भाऊ पाध्यांकडे आहे. आपल्या अभ्यासक्रमांच्या शिस्तीत एक 'लोकप्रिय'च्या कप्प्यात बसतो आणि दुसरा 'नवकथेनंतर'च्या. म्हणूनच अर्नाळकरांचा वेग आणि पाध्यांची जीभ एकत्र आणावी, असे कुणाला सुचत नाही. रूपांतराचा विचार करणाऱ्याने आधी ही भिंत पाडावी.

तोवर झुंजारला त्याच्या पुस्तकातच राहू द्यावे. तिथे तो दिमाखात आहे. पडद्यावर मात्र असा कुणी यावा, ज्याला दिवसाची मजुरी ठरवून एखाद्या मालकाने किरकोळ कामाला लावले आहे आणि ज्याचे ते काम त्याला नको तितके खोल, गिरणीच्या कुंपणाआड घेऊन जाते. टोपी नसली तरी चालेल.