आडवाटेचा डोंगर आणि चैत्राचे ऊन

कळसूबाई, राजमाचीच्या गर्दीला कंटाळून अनेकजण आता फारसे कुणाला माहीत नसलेले छोटे डोंगर चढू लागले आहेत. हे चांगलेच आहे. मात्र फाल्गुन-चैत्रात तिथे मळलेली वाट सोडणे धोक्याचे आहे. पानगळीमुळे सावली नसते, काळा कातळ तापतो, वाळल्या गवतावरून आणि घसाऱ्यावरून पाय सरकतो. वाट शोधण्यात एक तास गेला, तरी घामावाटे लिटरभर पाणी जाऊ शकते आणि ओढे तर आटलेले असतात. नुसते पाणी पिऊनही भागत नाही. घामातून गेलेले मीठही भरून काढावे लागते.

सोबती बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर दमला असेल म्हणून बसवून ठेवू नका. तो उष्माघात असू शकतो. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले की वेळ फार थोडा उरतो. त्याला सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला, १०८ ला फोन करा. पण आडवाटेवर अनेकदा रेंज नसते आणि आपण नेमके कुठे आहोत हेही सांगता येत नाही. म्हणून गावातला वाटाड्या घ्या, पहाटे निघा आणि १० वाजता उतरायला लागा. माथा राहिला, तर दिवाळीनंतर पुन्हा जाता येते.