रानडुक्कर मारायची परवानगी मिळते, मग कोकणात फासक्या का लागतात?

शिकारीचे रील तुमच्याही मोबाइलवर आले असतील. अमेरिकेतला कुणीतरी पहाटेच्या अंधारात झाडावरच्या मचाणावर जाऊन बसतो. तासन्‌तास काहीच घडत नाही. मग झुडपातून मोठ्या शिंगांचा नर बाहेर येतो, एक गोळी सुटते आणि व्हिडिओला लाखो व्ह्यूज मिळतात. खाली कोकणातल्या कुणाची तरी कमेंट हमखास असते: 'आमच्या रत्नागिरीत या, डुकरांनी भात ठेवलेलं नाही.'

कमेंट गमतीची असली तरी त्यातला प्रश्न गमतीचा नाही. तिकडे हौसेसाठी हरीण मारता येतं आणि इकडे पीक खाणारं डुक्कर मारता येत नाही, असा बहुतेकांचा समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. भारतात हौसेची शिकार बंद आहे, पण पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर कायदेशीर परवानगी घेऊन मारता येतं. घोळ त्याच्या पुढे सुरू होतो.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 सालचा. त्यातली 'शिकार'ची व्याख्या बरीच रुंद आहे. जनावर मारणं ही शिकार आहेच; पण त्याला फासात अडकवणं, विष घालणं, हाका घालून हुसकावणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. त्यामुळे 'आम्ही फक्त हाकायला गेलो होतो' हा बचाव चालत नाही.

अपवाद आहे कलम 11 मध्ये. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका झालेला प्राणी मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देऊ शकतो. मात्र मालमत्तेच्या कारणासाठी तो प्राणी अनुसूची 2 मधला असावा लागतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर (ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली) रानडुक्कर याच अनुसूचीत आहे. महाराष्ट्र सरकारने 2015 साली नीलगाय आणि रानडुक्कर यांच्यासाठी ही पद्धत सोपी करून परवानगीचा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत, म्हणजे लोक ज्यांना रेंजर म्हणतात त्यांच्यापर्यंत, खाली आणला.

अंगावर आलेल्या जनावराला स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मारलं तर तो गुन्हा नाही. ही सूट जिवासाठी आहे, भातासाठी नाही.

आता ज्यावर गावात कुणी मोठ्याने बोलत नाही तो भाग. परवानगी घेऊन मारलेलं डुक्करही कलम 39 नुसार सरकारची मालमत्ता ठरतं. त्याचं मटण घरी नेलं की शेतकरी फिर्यादीचा आरोपी होतो. कोकणात डुकराच्या शिकारीला वाट्याची जुनी रीत आहे. ज्याने मारलं, ज्यांनी हाका घातला, ज्याच्या जमिनीत पडलं, सगळ्यांचा वाटा. कायद्याने वाटा बंद केला आणि त्याबरोबर कायदेशीर शिकारीतला गावाचा रसही बराचसा संपला. सरकारकडे बघायला हे कारण छोटं वाटतं, वाडीवर ते छोटं नाही.

बंदूक कुठे आहे?

शस्त्र कायदा 1959 चा. त्यात पीकसंरक्षणासाठी परवान्याची खास तरतूद आहे आणि ती आहे ठासणीच्या बंदुकीची. नळीत दारू भरायची, ठासायची, वर छर्रा किंवा गोळी टाकायची आणि मग एक बार काढायचा. दुसऱ्या बारासाठी हाच उद्योग अंधारात पुन्हा. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसऱ्या प्रकारची मिळू शकते, पण कोकणातल्या जुन्या घरांत भिंतीला टांगलेली दिसते ती बहुधा ठासणीचीच. परवाना आजोबांच्या नावावर आणि नातू विरारला.

त्यात निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. 2024 चं कॅलेंडर बघा. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान 7 मेला झालं आणि निकाल 4 जूनला लागला. म्हणजे आंबा-काजूचा अख्खा हंगाम. (या दिवसांत बंदुकीचं काम मुख्यतः आवाज काढून माकडं पळवायचं असतं.) मग विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि निकाल 23 नोव्हेंबरला आला. म्हणजे भात पिकून कापणीला येण्याचे दिवस, डुकरांचा खरा हंगाम. एकाच वर्षात दोन्ही पिकांच्या वेळी बंदूक ठाण्यात.

खरं तर निवडणूक आयोगाच्या सूचनांत सरसकट जमा करा असं नाही. छाननी समितीने एकेक परवाना तपासायचा, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेल्या किंवा जामिनावर असलेल्या परवानाधारकांवर लक्ष द्यायचं, असं आहे. त्यामुळे पीकसंरक्षक परवानाधारकाने नोटीस आली तरी सूट मागणारा अर्ज समितीकडे करायला हरकत नाही.

मोठा नर मारून काय होतं?

बंदूक आहे, परवानगीही मिळाली, असं धरून चालू. आता अमेरिकेतल्या त्या रीलकडे परत येऊ, कारण शिकण्यासारखी गोष्ट तिथे आहे आणि ती रीलमध्ये दिसत नाही.

'व्हाइटटेल' म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा पोक्त नर, चार-पाच वर्षांचा, हा तिथल्या शिकाऱ्याचा मान. तो सहजी सापडत नाही. इतकी वर्षं तो जगला तोच सावधपणामुळे. दिवसा दाट झाडीत बसून राहतो, रात्री हिंडतो. म्हणून शिकारी आधी त्याच्या वाटा शोधतो, खोडावर शिंगं घासल्याच्या खुणा बघतो, वारा आपल्याकडून त्याच्याकडे जाणार नाही अशी जागा धरतो आणि माजाच्या दिवसांची, साधारण नोव्हेंबरची, वाट बघतो. तेव्हा नर बेसावध होतो.

आपल्या रानडुकराचं बरंचसं असंच. नजर कमजोर, पण नाक आणि कान जबरदस्त. चिखलात लोळण्याच्या जागा, लोळून आल्यावर अंग घासलेली झाडं, बांधाला पडलेल्या वाटा, उकरलेली जमीन ही त्याची लिपी. ती वाचता येणारी माणसं गावोगावी होती. वारा पाठीमागून असेल तर माळ्यावर बसूच नये, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नसे. मोठा सुळेवाला नर एकटा फिरतो आणि मिशीवर ताव मारावा अशी शिकार तीच. गावातल्या गोष्टीही त्याच्याच.

पण भात वाचवायचं तर तो नर मारून फारसं काही साधत नाही. माद्या आणि पिल्लं कळपाने येतात, वाफे उलटेपालटे करतात आणि संख्या वाढते ती माद्यांमुळे. गर्भकाळ चार महिन्यांच्या आतबाहेर, एका वेतात सहज चार-सहा पिल्लं. एक नर गेला तर त्याची जागा दुसरा घेतो. अमेरिकेतल्या वन्यजीव खात्यांनी हरणांच्या बाबतीत हे कधीच ओळखलं. संख्या आटोक्यात ठेवायची असेल तिथे ते बिनशिंगी जनावरांचे, म्हणजे मुख्यतः माद्यांचे, वेगळे परवाने देतात. शिंगवाला नर हा छंद, मादी हे व्यवस्थापन.

डुकरांपुढे मात्र अमेरिकेनेही हात टेकले आहेत. टेक्सासमध्ये मोकाट डुकरांवर हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडायला 2011 साली कायद्याने परवानगी दिली. तरी डुकरं संपलेली नाहीत. सगळा कळप एकदम पिंजऱ्यात घेणं जास्त उपयोगाचं, असा तिथला अनुभव आहे. एकेक मारत बसलं की उरलेली हुशार होतात आणि जागा बदलतात.

मग फासकी लागते

परवानगीला हेलपाटे, बंदूक एका बाराची, रात्र जागायला घरात तरुण माणूस नाही आणि मारलं तरी वाटा नाही. याउलट गाडीची जुनी क्लच वायर फुकटात मिळते. तिचा फास करून डुकराच्या वाटेवर लावला की घरी जाऊन झोपता येतं.

फासकीला जनावर ओळखता येत नाही. राजापूर, लांजा, संगमेश्वर या भागांतून फासकीत अडकलेल्या बिबट्याची बातमी वारंवार येते ती यामुळेच. बिबट्या डुकराच्याच वाटेवर असतो, कारण डुकराची पिल्लं हे त्याचं खाणं. कमरेत वायर आवळलेल्या बिबट्याला वनखातं बेशुद्ध करून सोडवतं, पण आतल्या जखमांनी तो नंतरही दगावू शकतो. बिबट्या अनुसूची 1 मध्ये आहे. दोष सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, दंड किमान 25,000 रुपये. 'मी डुकरासाठी लावली होती' म्हणून सुटका होत नाही, कारण डुकरासाठी फासकी लावणं हाही विनापरवाना शिकारीचा गुन्हाच. शिवाय वाडीच्या भातावरचा पहारा देणारा बिबट्या आपणच मारला, हा हिशेब वेगळा.

गावठी बॉम्बची तऱ्हा आणखी वाईट. खाण्याच्या पदार्थात गुंडाळलेला तो गोळा गाय चावते, कुत्रा चावतो. कुंपणात वीज सोडली की चोरवाटेने जाणारा शेजारी मरतो. आणि रात्रीच्या चोरट्या शिकारीत माणूसच माणसाला डुक्कर समजतो. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात हेच झालं. डुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाची गोळी साथीदारालाच लागली आणि त्याचा जीव गेला. परवानगी नसलेल्या शिकारीत जखमी माणसाला दवाखान्यात नेतानाही लोक आधी पोलिसांचा विचार करतात.

दुसऱ्यांनी काय केलं?

केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागासाठी, ठरावीक काळासाठी 'उपद्रवी' जाहीर करू शकतं. मग परवानगीची गरजच राहत नाही. 2015-16 मध्ये बिहार आणि उत्तराखंडमध्ये रानडुकराबाबत तसं झालं. त्याच सुमारास चंद्रपुरात 53 रानडुकरं मारली गेली, त्यावरून मनेका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर वाद पेटला होता. केरळने हीच मागणी केली, केंद्राने ती नाकारली. तेव्हा केरळने 2022 मध्ये वेगळी वाट काढली. परवानगीचा अधिकार थेट ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाकडे दिला आणि डुक्कर मारायचं काम परवानाधारक नेमबाजांच्या यादीतून करून घ्यायचं ठरवलं. शेतकऱ्याने स्वतः शिकारी व्हायची गरज ठेवली नाही. मला यातला हाच भाग सर्वात व्यवहार्य वाटतो. रत्नागिरीत परवानगी कमी पडत नाही, नेमबाज कमी पडतो.

पण यादी केली तरी डुक्कर राहतं कुठे, हे बघावंच लागेल. भाताच्या मळ्याला लागून वरकस जमीन असते. तिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची, आता करवंद, घाणेरी आणि रानमोडी माजली आहे. दिवसभर कळप तिथे पडून असतो आणि अंधार पडला की पन्नास पावलांवर जेवायला येतो. एक वाडी मिळून ती जाळी साफ करू म्हणते. मग तलाठ्याकडून सातबारा काढला की त्यावर सोळा नावं निघतात, त्यातली तीन वारलेली, बाकीची भांडुप, नालासोपारा आणि डोंबिवलीत.