फुफ्फुसाची रचना जन्मतःच वेगळी असेल, तर कॅन्सरचं ऑपरेशन कसं होतं?

परभणीत एखाद्याला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, की ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर रुग्णालय किंवा थेट परळचं टाटा मेमोरियल, अशी नावं पुढे येतात. परभणीचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२३ मध्ये सुरू झालं, ते अजून नवं आहे. गाडीत बसताना पिशवीत रिपोर्टचा कागद असतो. सीटी स्कॅनची सीडी मात्र घरीच राहू शकते, आणि काही पेशंटच्या बाबतीत नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची असते.

का, ते बघू. उजव्या फुफ्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन. कॅन्सर लवकर सापडला तर गाठ असलेला कप्पा काढतात. पण काही जणांची रचना जन्मापासूनच वेगळी असते. कुणाची श्वासनळीची फांदी भलत्याच ठिकाणी फुटलेली, तर कुणाच्या फुफ्फुसाच्या एका तुकड्याला रक्त थेट महाधमनीतून येतं. त्रास काहीच नसल्यामुळे हे वयाच्या साठीपर्यंत कळतही नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे चुकीच्या जागी जोडलेली शीर. फुफ्फुसातलं शुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला जायला हवं. काहींमध्ये एका कप्प्याची शीर ते उजव्या बाजूला नेते, म्हणजे तेच रक्त पुन्हा फुफ्फुसाकडे फिरतं. बाकीचे कप्पे काम सांभाळून घेतात. आता गाठ दुसऱ्या, चांगल्या कप्प्यात असेल आणि तो काढला, तर चुकीच्या जोडणीच्या कप्प्याकडे जास्त रक्त वळतं आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. ऑपरेशन नीट होऊनही पेशंट अडचणीत येऊ शकतो. हे आधी कळलं, तर ती शीर योग्य जागी जोडण्याचा विचार करता येतो.

भूलतज्ज्ञांनाही हे ठाऊक असावं लागतं, कारण ऑपरेशनवेळी एकच फुफ्फुस चालू ठेवतात. फांदी वेगळ्या जागी असेल, तर नळी बसवतानाच घोळ होतो.

उपाय तसा साधा आहे. शिरेत औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन आणि त्यावरून संगणकावर तयार केलेलं थ्रीडी चित्र. रिपोर्टमध्ये गाठीबद्दल लिहिलेलं असतं, शिरेबद्दल असेलच असं नाही. त्यामुळे सर्जनने मूळ स्कॅन स्वतः बघणं गरजेचं, म्हणून सीडी सोबत न्यावी.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड पिशवीत असू द्या.